सैल बैठकीच्या सहा मूर्ती

कंपनीची बस मला पेणात सोडते आणि रोह्याकडे जाणारी गाडी यायला अवकाश असतो. एरवी तो वेळ मी स्टेशनातल्या बाकावर काढतो. आषाढ लागला की मात्र पाय आपोआप कारखान्यांच्या गल्लीकडे वळतात. पेणात कारखाना म्हणजे गणपतीचा. डोलवीला लोखंड वितळतं, त्याला आम्ही कंपनी म्हणतो.

गल्लीत शिरलं की आधी कॉम्प्रेसरची घरघर ऐकू येते. मग रंगाचा वास येतो, ओलसर, घशात बसणारा. वर ताडपत्रीवर पाणी वाजत असतं आणि खाली दिव्यांच्या उजेडात मूर्ती रांगेने बसलेल्या असतात. अंगाचा रंग झालेला, पितांबर झालेलं, सोंडेवरची नक्षी झालेली, आणि डोळ्यांच्या जागी नुसता पांढरा. डोळे शेवटी होतात. त्या कामाला इथे आखणी म्हणतात. आखणी होईपर्यंत मूर्ती कोणाकडे बघत नाही, आणि न बघणारी मूर्ती कारखान्याबाहेर जात नाही. बाहेरगावचे लोक या गल्लीत फोटो काढत फिरतात. मला मात्र त्या पांढऱ्या जागांसमोर अजून नीट उभं राहता येत नाही. मी उगाच छत्री झटकतो.

हे त्या एका वर्षापासून सुरू झालं. सईच्या, म्हणजे आमच्या मुलीच्या, खेळाचं वर्ष, असं आमच्या घरात म्हणतात. प्रत्यक्षात ते अनंतदादाच्या हाताचं वर्ष होतं.

अनंतदादा म्हणजे वैशालीचा, माझ्या बायकोचा, थोरला भाऊ. त्याच्या कारखान्यात अंगाचा रंग कोणीही मारायचं. आखणी फक्त त्याची. वैशाली सांगते, लहानपणी तो जेवताना ताटातल्या आमटीत बोट बुडवून कडेला डोळे काढायचा आणि आईचा मार खायचा. त्या माघात चहा पिताना त्याच्या उजव्या हातातून कप सुटला. उचलायला वाकला तो वाकलेलाच राहिला. दवाखान्यातून आला तेव्हा बोलणं परत आलं होतं, काही दिवसांनी पायही आला. उजवा हात मात्र खांद्यापासून लोंबत होता, दुसऱ्या कोणाचा सांभाळायला घेतल्यासारखा.

व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी सोपी गोष्ट सांगितली होती. एका वाटीतले वालाचे दाणे चिमटीने उचलून दुसऱ्या वाटीत टाकायचे. शोभावहिनी, म्हणजे दादाची बायको, रोज सकाळी दोन वाट्या समोर ठेवायच्या. दादा त्यांच्याकडे बघायचासुद्धा नाही.

"वाल निवडायला बसवतेस मला?"

"निवडायला नाय, उचलायला."

"मग उचल तू. बिरडं तरी होईल."

मी कंपनीत वजनकाट्यावर आहे. भरलेला ट्रक काट्यावर येतो, आकडा येतो. रिकामा येतो, दुसरा आकडा येतो. वजाबाकी केली की माल किती ते कळतं. माझ्या कामात 'जवळजवळ' हा शब्द नाही. त्यामुळे असेल, पण दादाच्या बाबतीत मला सगळ्यात जास्त छळलं ते हेच, की कोणी आकडाच सांगत नव्हतं. डॉक्टर म्हणत, सुधारणा होईल. किती, कधी, विचारलं की पुढची तारीख देत. आणि कारखान्यात मूर्ती वाढत होत्या. वहिनींनी घरात सगळ्यांसमोर स्पष्ट सांगितलं होतं: श्रावण लागेपर्यंत बघू. हात आला नाही तर मूर्ती दुसऱ्या कारखान्याला द्यायच्या आणि शटर ओढायचं. बाहेरचा आखणीवाला बोलवा, असं मी सुचवलं तेव्हा दादा माझ्याकडे न बघता म्हणाला, "माझ्या पाटावर दुसऱ्याचा हात नको."

अशा घरात मे महिन्यात आमची सई सुट्टीला गेली, काखोटीला एक खोका मारून.

खोका माझ्या धाकट्या भावाने बंगळुरूहून पाठवला होता. अचाट शक्तीच्या वीरांचा खेळ, नवशिक्यांसाठी. आत बोटाएवढ्या सहा रंगीत पुतळ्या, चौकटींचा घडीचा नकाशा, दोन फासे आणि नियमांची पुस्तिका. निळ्या झग्यातली एक उडती बाई होती. दगडी अंगाचा एक आडदांड होता. एकाला हिरवी शेपटी होती. निम्मे सज्जन, निम्मे दुर्जन, म्हणजे दोघांना लगेच खेळायला बसता यावं. या पुतळ्या जमवायचा म्हणे लोकांना नाद असतो, शेकड्यांनी जमवतात. आमच्याकडे फक्त ही सुरुवातीची सहा. रोह्यात सईला भिडू मिळाला नव्हता. मैत्रिणींनी एकदा खेळून बघितलं आणि नियम ऐकूनच उठल्या.

पेणात तिने पुतळ्या मांडल्या तेव्हा दादा खुर्चीतून बघत होता. त्याने डाव्या हाताने निळ्या झग्याची बाई उचलली आणि डोळ्यांजवळ धरली.

"हिचा एक डोळा इथं आणि दुसरा पनवेलला."

"मशीनवर रंगवतात रे मामा."

"मशीनला काय गो, त्याला कोणाच्या घरी जाऊन बसायचं नसतं."

कित्येक महिन्यांत त्याने केलेला हा पहिला विनोद, असं वहिनींनी मला नंतर सांगितलं. पण विनोदावर ते थांबलं नाही. दुसऱ्या दिवशी मी पाळी संपवून तिथे गेलो तेव्हा सई ओटीवर पाय पोटाशी घेऊन बसली होती.

"बाबा, मामाने सगळे चिकटवले."

झालं होतं असं. त्या पुतळ्यांच्या खाली काळी गोल बैठक असते. बैठकीच्या आत एक चकती असते आणि कडेला एक खाच. खाचेतून चकतीवरचे आकडे दिसतात: चाल किती, हल्ला किती, बचाव किती. मार बसला की चकती खटकन एक घर फिरवायची. आकडे उतरत जातात. फिरवत फिरवत शेवटी खाचेत फुल्या आल्या की तो वीर बाद. सगळा खेळ त्या फिरण्यात आहे. पण दादाने आयुष्यभर मूर्ती पाटावर बसवल्या. मूर्ती पाटावर हलली तर ती वाटेत पडते, आणि पडली तर ज्याच्या घरचा देव त्याच्या तोंडचं पाणी पळतं. त्याने एकेक पुतळी उचलून बघितली, सहाच्या सहा बैठकीत सैल लागल्या. सगळे दुपारचे झोपले होते तेव्हा त्याने डाव्या हाताने, कारखान्यातल्या झटकन धरणाऱ्या गोंदाने, प्रत्येकीची कड गोल फिरून भरून टाकली. थेंब कुठे ओघळू दिला नव्हता. डाव्या हाताचं काम होतं, पण काम चोख होतं.

"मना वाटलं पोरीचं सामान दुरुस्त करतोय," दादा म्हणाला.

"पोरीच्या खेळाचा पण गणपती करून ठेवलात," वहिनी आतून म्हणाल्या. "आता बसवा आणि आरती करा."

मी एक पुतळी घेऊन चकती फिरवून बघितली. हलेना. हिरव्या शेपटीवाल्याच्या खाचेत पहिलाच आकडा होता, पूर्ण ताकदीचा, आणि आता तो कायमचा तिथे राहणार होता. कितीही मारा, ताकद कमी होणार नाही. मला ते चांगलं न वाटता भीतीचं वाटलं. का, ते तेव्हा सांगता आलं नसतं.

परतीच्या गाडीत कासू स्टेशनाच्या पुढे दोन्हीकडे खारी जमीन पसरलेली असते, आणि त्या सपाट जमिनीवर नजर कशाला अडत नाही म्हणून डोकं फिरत राहतं. मी विचार करत होतो तो एवढाच: माणसाच्या बैठकीला अशी खाच असती तर? दादाच्या खुर्चीमागे वाकून बघितलं असतं, हल्ल्याचा आकडा काय, बचावाचा काय, अजून किती घरं शिल्लक. मग मी वहिनींना ठाम सांगू शकलो असतो, शटर ओढा किंवा ओढू नका. रोहा येईपर्यंत मला एवढंच कळलं की तशी खाच खरंच असती तरी मी वाकून बघितलं नसतं.

पुढच्या वेळी गेलो तर दादा खिडकीशी बसला होता. मांडीवर फडकं, डाव्या हातात आडदांड पुतळी, आणि उजव्या हातात बारीक कोरणी. धरली होती म्हणण्यापेक्षा वहिनींनी ती बोटांत घालून वर चिंधी बांधली होती. तो पुतळी आणि बैठक यांच्या मधल्या रेघेतला गोंद खरवडत होता. पाण्यात टाकली तर आकडे पुसतील, म्हणून कोरडंच काम. कोरणी दोनदा घसरली. तिसऱ्यांदा डाव्या अंगठ्यात गेली. रक्त आलं तसा मी उठलो.

"बसा, भाओजी," दादा म्हणाला.

"राहू दे ना दादा. मी नवीन मागवतो, दुसरा खोका येतो."

"दुसरा येतो. हा कोणी चिकटवला?"

सई समोर बसून बघत होती. ती एकदाही जाऊ दे म्हणाली नाही. तेरा वर्षांच्या पोरीला दया येते तसा रागही येतो, आणि तिचा राग अजून उतरला नव्हता. ते बरंच झालं. घरात बाकी सगळ्यांची दया त्याच्यावर सांडत होती. राग एकटी सई करत होती, आणि दादा तिचं नुकसान भरून देण्यासाठी धडपडत होता. वालाच्या वाट्यांना ते जमलं नव्हतं.

उन्हाळा असा गेला. आडदांड सुटला, उडती बाई सुटली. हिरवा सोडवताना त्याची शेपटी मोडली, ती दादाने पुन्हा जोडली आणि या वेळी सईला विचारून जोडली. जून लागला, शाळा सुरू झाली, सई रोह्याला आली. मग दर रविवारी आम्ही तिघं पेणला. सुटलेल्या पुतळ्यांवर मामा-भाचीचा खेळ सुरू झाला. सईने पहिल्याच दिवशी नियम घातला.

"डाव्या हाताने चिकटवल्यास ना? मग डावा हात बाद. फासे उजव्याने, चाल उजव्याने, चकती पण उजव्याने."

"पुस्तकात हाय का हा नियम?"

"बाबांना विचार."

मला पंच नेमलं होतं, कारण पुस्तिका पूर्ण वाचलेला मीच. मी म्हणालो, पुस्तकात नाही, पण दोन्ही भिडूंनी कबूल केला तर चालेल. दादाने कबूल केला. पुतळी हातात घेऊन चकती एक घर फिरवायला त्याला इतका वेळ लागायचा की वहिनी चहा ठेवून, गाळून घेऊन यायच्या. बोटं बैठकीवरून निसटत. पुतळी पडे. कोणी उचलायची नाही, तोच उचलणार. आम्ही सगळे नकाशाकडे बघत बसायचो, त्याच्या बोटांकडे नाही. त्या शांततेत फिरलेल्या चकतीचा खटका ऐकू आला की वैशाली श्वास सोडायची.

एकदा दादाचा आडदांड उडत्या बाईवर धावून गेला. त्याचा हल्ला दहा, तिचा बचाव सतरा. फाशांवर सात हवे होते. छत्तीस शक्यतांपैकी एकवीस त्याच्या बाजूने, म्हणजे वाईट नव्हतं. सहा पडले.

"लागलं," सई म्हणाली.

"नाही लागलं," मी म्हणालो. "सोळा झाले."

"बाबा, एकाने काय होतं? लागलं समज ना."

"सतरा पाहिजेत, सोळा झाले. नाही लागलं."

वैशालीने माझ्याकडे जळजळीत बघितलं. एका आजारी माणसाला एक गुण देववत नाही, असा त्या बघण्याचा अर्थ होता. दादा मात्र खुर्चीत जरा ताठ झाला.

"भाओजी बरोबर बोलतात. काट्यावरचा माणूस हाय. सहाला सात म्हटलं तर मग खेळायचं कशाला?"

पुढे त्याने पुन्हा हल्ला केला, पुन्हा हुकला, आणि हरला. हरल्यावर जेवताना दोन भाकऱ्या खाल्ल्या.

आषाढ चढला तसं मात्र त्या घरात हसणं कमी झालं. आज मी त्या गल्लीत उभा राहतो तेव्हा मला आठवतो तो तेव्हाचा सांभाळून बोलण्याचा स्वर. फोन वाजला की वहिनी बाहेर जाऊन बोलायच्या. गिऱ्हाईकं विचारत, यंदा आखणी दादाच करणार ना? वहिनी म्हणत, बघू. अंगाचे रंग उरकत आले होते. रोज काही पांढरे डोळे वाढत. दादा त्या रांगांमधून फेऱ्या मारायचा, एखाद्या मूर्तीसमोर थांबायचा आणि पुढे जायचा. एक कान मोडलेली मूर्ती त्याने मागच्या खोलीत नेली आणि दार लावून घेतलं. दार उघडलं तेव्हा मूर्तीच्या डोळ्यांच्या जागी पुसलेल्या काळ्या रंगाचे फराटे होते. दुसऱ्या दिवशी पुन्हा दार लागलं.

श्रावण लागल्यावरचा पहिला रविवार. पहिली जाणारी मूर्ती हिराजीनानाची असते. नाना खाडीकाठच्या खारेपाटातला, मिठागरावर आयुष्य काढलेला माणूस. त्याच्या गावची वाट मोठ्या भरतीला पाण्याखाली जाते, म्हणून तो भरती बघून सगळ्यांच्या आधी मूर्ती नेतो. तो दुपारी येणार होता. सकाळी दादाने सगळ्यांसमोर, दार उघडं ठेवून, नानाची मूर्ती खिडकीपाशी घेतली.

डाव्या हाताची मूठ त्याने मूर्तीच्या छातीशी टेकवली आणि मुठीवर उजवं मनगट ठेवलं. कॉम्प्रेसर बंद करायला लावला. मग ताडपत्रीवरचं पाणी एकदम मोठं ऐकू यायला लागलं. वरच्या पापणीची रेघ एका दमात ओढायची असते. थांबलं की गाठ पडते. त्याने ती ओढली. खालची ओढली. बुबुळ भरलं, त्यात काळं, आणि काळ्यात उजेडाचा एक पांढरा ठिपका. उजवा डोळा झाला. मूर्ती एका डोळ्याने आमच्याकडे बघायला लागली. वहिनी पदराचं टोक चावत होत्या. सईने माझा हात धरला होता, आणि तिची नखं मला लागत होती.

दुसऱ्या डोळ्याला जास्त वेळ लागला. मध्ये त्याने ब्रश खाली ठेवला, बोटं उघडली, मिटली, पुन्हा घेतला. ठिपका ठेवून तो मागे सरला तेव्हा त्याची बनियन पाठीला चिकटली होती.

"झालं," वहिनी म्हणाल्या. "छान झालं."

"सुंदर झालंय दादा," वैशाली म्हणाली.

दादा मूर्तीकडे बघत नव्हता. तो माझ्याकडे बघत होता.

"भाओजी, तुम्ही सांगा."

वैशालीने माझ्या कोपराला धरलं. ते धरणं कशासाठी आहे ते मला कळत होतं. मी मूर्तीसमोर गेलो. कपाळाच्या मध्यावरून सोंडेच्या मध्यापर्यंत नजर नेली, मग दोन्ही ठिपक्यांवरून आडवी नेली. पुन्हा नेली. तिसऱ्यांदा न्यायची गरज नव्हती.

"डावा डोळा खाली आहे," मी म्हणालो. "केसभरच. पण आहे."

"तुम्हाला काय गरज होती?" वहिनी म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नाही, आणि त्यामुळे तो जास्त लागला. वैशालीने कोपर सोडलं आणि ती आत निघून गेली.

दादाने ओलं फडकं घेतलं. रंग अजून ओला होता, पुसला असता. मूर्तीच्या चेहऱ्यापासून चार बोटांवर ते फडकं घेऊन तो थांबला. पुसलं तर पुन्हा काढावं लागणार, आणि पुन्हा काढायला हात उरला आहे की नाही, ते त्याला माहीत नव्हतं. आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. त्याने फडकं खाली ठेवलं.

"मना पण खालीच दिसला," तो म्हणाला. "झाका. नाना आला की मी बोलतो."

नाना आला तो गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन. वहिनींनी पाणी दिलं. दादाने मूर्तीवरचा कपडा स्वतः काढला आणि नानाला बसूही न देता सांगून टाकलं.

"नाना, डावा डोळा खाली आलाय. माझ्या हाताचं तुला ठाव हाय. नको आसंल तर नको बोल. दुसऱ्या कारखान्यातून तुला पायजे तशी मूर्ती मी काढून देतो."

नाना मूर्तीसमोर उभा राहून बघत राहिला. मग एका बाजूने बघितलं, दुसऱ्या बाजूने बघितलं. वहिनींनी डोळे मिटून घेतले. एवढ्यावर शटर होतं. नानाने नको म्हटलं असतं तर संध्याकाळपर्यंत ते गल्लीभर झालं असतं, आणि दादाने पुन्हा ब्रश धरला नसता.

नाना तिथेच ओल्या फरशीवर मांडी घालून बसला. सईला हाक मारली.

"इकडं ये गो. इथं बस."

सई त्याच्या शेजारी बसली.

"वर बघ. बघतो का तुझ्याकडं?"

सईने माझ्याकडे पाहिलं नाही. तिने मूर्तीकडे पाहिलं आणि तिला हवा तेवढा वेळ घेतला.

"बघतो."

"माझ्याकडं पण बघतो." नाना गुडघ्यावर हात ठेवून उठला. "आरतीपुरतं काय ते आम्ही उभं ऱ्हातो. बाकी सगळा वेळ माझ्या घरातली खालीच बसल्यात, पोरं, म्हातारी, सगळी. बरा हाय. बांध."

"पुढल्या वर्षाला सरळ करीन," दादा म्हणाला.

"नको. पुढल्या वर्षाला पण आसाच कर. घरात सगळ्यांना सवय झालेली आसंल."

दादा हसेल असं मला वाटलं होतं. तो हसला नाही. नानाच्या मूर्तीला दोरी बांधून होईपर्यंत तो बाजूला उभा राहिला, आणि नाना चिखलाची पावलं उमटवत गल्लीत उतरला तसा वहिनींना म्हणाला, "त्या रांगेतली पुढची घे खिडकीशी." आणि मला म्हणाला, "तुम्ही जाऊ नका, भाओजी. तुमची गाडी चुकली तर चुकली. इथं बसा आणि बघून सांगा."